आरशामागची खोली

१

सोमवारी सकाळी आम्रपाली वासनिक खराडीतल्या कचेरीत आली, चहाचा कप टेबलावर ठेवला, कॉम्प्युटर चालू केला, आणि पाहते तर घरातली एक खोली नाहीशी झालेली.

घर म्हणजे तिचं नव्हे. तिचं घर खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, आणि त्यात नाहीशा व्हायला मुळात खोल्याच दोन. हे घर इंग्लंडातलं, मार्लकोट हाऊस. राणी व्हिक्टोरियाच्या काळात एका गिरणीमालकानं हौसेनं बांधलेलं, आणि हौस तरी कसली, तर टेबलाच्या पायांनाही झालर लावायची. त्या घराची डागडुजी व्हायची होती, आणि त्याआधी त्याचे नकाशे करायचं काम पुण्याच्या या लहानशा कंपनीकडे आलं होतं. कंपनीतले तिघं उन्हाळ्यात तिकडे जाऊन मोजणीचं यंत्र लावून आले. तीन पायांच्या घोडीवर ते यंत्र गरगर फिरतं, डोळ्यांना न दिसणारा किरण चहूकडे फेकतं, आणि किरण जिथं आपटेल तिथला एक करडा ठिपका टिपून घेतं. असे कोट्यवधी ठिपके जमले की घर उभं राहतं. त्यातला केरकचरा काढून भिंती, दारं, छताची नक्षी नीट रेखायची, हे आम्रपालीचं काम. विलायत तिनं पाहिली नव्हती, पासपोर्टसुद्धा नव्हता. पण मार्लकोटचं कोणतं दार कुठं उघडतं हे तिथल्या वारसांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं.

रोजच्यासारखी ती पडद्यावरच्या मोठ्या जिन्यानं वर गेली, उजवीकडे वळली आणि दिवाणखान्याचं दार ढकललं. आत काळोख होता. खोली रिकामी झाली असती तरी तिला चाललं असतं, इथं खोलीच नव्हती. चौकटीपलीकडे नुसती काळी पोकळी, आणि तिच्यावर वरच्या मजल्याच्या खोल्या अधांतरी.

"अगं, माझ्याकडे पण ब्लॅकच दिसतंय," शेजारच्या टेबलावरून ऋतिका म्हणाली. जुन्या घरांच्या सजावटीचा अभ्यास करून कोणता कागद, कोणती फरशी कोणत्या काळातली हे सांगायचं काम तिचं. "सर्व्हरवरची फाइलच उडालीय. बॅकअप पण. कोणीतरी मुद्दाम केलंय यार."

सुदर्शन उठून आला. तो या चमूचा प्रमुख. कसब्यात जन्मला, कसब्यात वाढला, आणि त्याच्या तोंडून चांगला शब्द निघाला तर कचेरीत पेढे वाटावेत अशी त्याची ख्याती. त्यानं बराच वेळ कळफलक बडवला, मग पडदा आम्रपालीकडे फिरवला.

"शनिवारी दुपारी पुसलीय. कोणाच्या नावानं ते तूच वाच."

तिनं वाचलं. नाव अभय वासनिकचं होतं. म्हणजे याच कंपनीत मोजणीला जाणाऱ्या तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचं.

२

कंपनीचे मालक दत्तप्रसाद सर. मऊ बोलायचे, सगळ्यांना 'बाळ' म्हणायचे. त्यांनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं. अभयला त्यांनी सकाळीच फोन करून घरी थांबायला सांगितलं होतं. बोलताना त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं, चष्मा डोळ्यांवर असूनही.

"शुक्रवारी तिकडून मेल आली," ते म्हणाले आणि त्यांनी ती वाचून दाखवली. मजकूर दोनच ओळींचा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या फळीवरचा शोकाचा ब्रोच सापडत नाही. मोजणीनंतर ती खोली कुलपात होती, परवा उघडली. त्या दिवशीची त्या खोलीची मोजणी पाठवा, नाहीतर बुधवारी पोलिसांत कळवू.

"शोकाचा ब्रोच म्हणजे?" आम्रपालीनं विचारलं.

"घरातलं माणूस गेलं की त्याच्या केसांची बारीक वेणी घालायची, सोन्यात बसवायची आणि छातीवर लावून मिरवायचं," ऋतिका म्हणाली. "व्हिक्टोरियन लोक असले प्रकार फार करायचे. त्या गिरणीमालकाची छोटी मुलगी गेली होती, तिचे केस आहेत त्यात."

आम्रपालीच्या मनात आलं, इतके दिवस त्या खोलीत हिंडत होतो, आणि कोपऱ्यात एका मेलेल्या पोरीची वेणी होती.

"यंत्र फिरत असताना खोलीत कोणी थांबायचं नाही, हा आपलाच नियम," सर म्हणाले. "सुदर्शन बाहेर परांचीवर दर्शनी भिंत मोजत होता. मी खाली स्वयंपाकघरात, घर सांभाळणाऱ्या पेल बाईंबरोबर चहा घेत बसलो होतो. माझा गुडघा तुम्हाला माहीत आहे. वरचा मजला मी पाहिला तो तुमच्या या मॉडेलमध्ये. दिवाणखान्याच्या दाराशी एकटा अभय होता."

"पासवर्डची चिठ्ठी त्यानं कीबोर्डखाली चिकटवलीय," ऋतिका म्हणाली. "ती काय कोणीही वाचेल."

"आणि कोणी का वाचावी?" सर हळूच म्हणाले.

दोघं बाहेर गेल्यावर सरांनी आम्रपालीला थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा तिला तरी तसं वाटलं. "बाळ, तुझ्या शब्दावर मी त्याला घेतला. कोवळं वय असतं, मोह होतो. काच उचलायची, वस्तू खिशात टाकायची, काच परत जागेवर. क्षणाचं काम, त्याला जन्माची शिक्षा कशाला? वस्तू आणून द्यायला सांग आणि राजीनामा घे. बाकीचं मी निस्तरतो."

तिला इतकं भरून आलं की ती त्यांच्या पाया पडायचीच बाकी होती. बाहेर आली तर पाण्याच्या मशीनपाशी सुदर्शन उभा. आजूबाजूला पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"त्या खोलीचं तुझ्याकडे काही उरलंय का? उरलं असेल तर आधी मला दाखव. दुसऱ्या कोणाला नको."

त्याच्या आवाजातला तिरकसपणा साफ गेला होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "नाही," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती.

३

उरलं होतं काय, ते सांगायला हवं.

त्या काळच्या इंग्रजांना आरशांचं भारी वेड. उबेसाठी चूल पेटवायची ती दिवाणखान्यात, आणि तिच्यावर छताला टेकेल असा सोनेरी चौकटीचा आरसा. आता त्या यंत्राला आरसा म्हणजे काय हे कळत नाही. किरण काचेवर आपटून उलटा वळतो, पण यंत्राला वाटतं तो सरळच गेला. त्यामुळे प्रत्येक आरशामागे, जिथं खरं तर भिंत किंवा बाग असते, तिथं एक खोटी खोली तयार होते. डाव्याचं उजवं झालेली. नकाशे करणारे त्याला भूत म्हणतात आणि पुसून टाकतात. तसा दंडकच आहे.

आम्रपाली पुसत नसे. ती भूत कापून आपल्या मशीनवर एका कोपऱ्यात ठेवी. त्या फोल्डरचं नाव तिनं 'भंगार' ठेवलं होतं. ही सवय तिच्या वडिलांची. भीमराव कारखान्यात तपासणी विभागात होते, आणि त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: माल पास झाल्याशिवाय भंगार फेकायचं नाही, भंगाराचाही हिशोब द्यावा लागतो.

पुसणाऱ्यानं दिवाणखाना पुसला होता. दिवाणखान्याच्या आरशामागची खोली तिच्याकडे होती.

ती उघडून पाहायचं धाडस मात्र त्या दिवशी तिला झालं नाही. कारण आत काय दिसेल याची तिला भीती होती, आणि खरं सांगायचं तर कोण दिसेल याची.

संध्याकाळी ती खडकीला पोचली तेव्हा अभय क्वार्टरच्या पायरीवर उकिडवा बसला होता, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. लहानपणापासून तो असाच बसायचा, भीमरावही असेच. खुर्ची रिकामी असली तरी हे दोघं तिच्याशेजारी उकिडवे. ऋतिका त्याला चिडवायची, की इंग्लंडात पण असाच बसलास का रे, लोकांना वाटलं असेल काहीतरी हरवलंय.

"अभ्या, खरं सांग," ती म्हणाली. "तू काही उचललंस का तिथून?"

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "तू विचारतेस हे मला, ताई?" एवढंच बोलला आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसला.

आत भीमराव जेवायला बसले होते, पण ताट तसंच होतं. "इतकी वर्षं गेटवर रोज झडती देतोय मी," ते म्हणाले. "येताना एक खिळासुद्धा कधी खिशात निघाला नाही. आता पोराचं नाव पोलिसात जाणार म्हणतात." लेकीकडे न बघता त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आई, ललिताबाई, ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, आणि त्यांची पाठच सगळं सांगत होती.

त्यानं नाही का म्हटलं नाही? रात्रभर हा एकच प्रश्न आम्रपालीच्या उशाला बसून राहिला.

४

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला उठल्यावर ती मीटिंगच्या खोलीत शिरली. या खोलीला खिडकी नाही. मॉडेलमध्ये शिरायचा चष्मा, म्हणजे डोक्याला पट्ट्यांनी आवळायचा तो काळा डबा, इथं असतो. कंपनीकडे असे दोन. दुसरा सरांच्या केबिनमध्ये, गिऱ्हाइकांना घर दाखवायला.

तिनं भंगारातली खोली घेतली आणि मॉडेलमध्ये जिथं काळी पोकळी होती तिथं जोडली. सगळ्यांच्या सामाईक मॉडेलमध्ये. हात सवयीनं चालले, आणि आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मग तिनं चष्मा चढवला.

दिवाणखाना परत आला होता, पण उलटा. नोकरांना बोलवायची घंटेची दोरी चुलीच्या उजवीकडे हवी, ती डावीकडे लोंबत होती. पडदे, कुंड्या, पियानो, सगळं करड्या ठिपक्यांचं आणि चुकीच्या बाजूला. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. तिला तसल्या भोकांची सवय होती. यंत्राला साधी काच दिसतच नाही, किरण आरपार जातो. कोपऱ्यात उंच घडीची पडदी उभी होती. एरवी मोजणीत तिची पुढची बाजू दिसे. आज आरशाच्या कृपेनं तिची मागची बाजू दिसत होती.

पडदीमागे माणूस उभा होता.

त्याला चेहरा नव्हता. ठिपके विरळ, चेहऱ्याच्या जागी धूर असावा तसं काहीतरी. एक हात फळीकडे गेलेला. दुसरा हात खांद्याच्या वर उचललेला, त्याची बोटं फाकलेली आणि कशावर तरी आवळलेली. पण त्या बोटांत काहीच नव्हतं. तो माणूस हवा पकडून उभा होता. आम्रपालीला पळून जावंसं वाटत होतं, आणि हा अभय आहे का हे पाहिल्याशिवाय पळताही येत नव्हतं. ती एक पाऊल पुढे सरकली.

तेवढ्यात मागे दार उघडलं.

मॉडेलमधलं दार. दुसरं कोणी आत आलं की त्याचं नुसतं डोकं दिसतं, पांढरं, वाटोळं, आणि वर नाव तरंगतं. ते डोकं चौकटीत येऊन थांबलं. सावकाश वळून त्यानं पडदीमागच्या माणसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वर नाव होतं अभय वासनिक.

आणि मग पडदीमागचा माणूस पायांपासून वर विरघळू लागला. कोणीतरी त्याला तिच्या डोळ्यांदेखत पुसत होतं.

५

चष्मा ओरबाडून काढत तिनं अभयला फोन लावला. फोन आईनं उचलला.

"अभ्या? हा काय इथंच बसलाय माझ्यासमोर, मटार सोलतोय. तुला काय झालं? दम का लागलाय?"

आम्रपाली भिंतीला टेकली. छातीवरची एक धोंड उतरली होती. अभयच्या नावानं फिरणारा अभय नव्हता. मग जो होता तो याच इमारतीत होता, आणि तिच्याकडे काय आहे हे त्याला आता कळलं होतं.

ती बाहेर आली. ऋतिका पँट्रीत डबा धूत होती. सुदर्शन जिन्यावरून येत होता, हातात फोन. केबिनच्या दारात दत्तप्रसाद सर कपाळाला बाम चोळत उभे होते. कपाळ आणि गालफडं लालबुंद झाली होती.

"डोकं फार चढलंय बघ," ते म्हणाले. "तू जेवलीस का बाळ?"

ती हो म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. सर्व्हरवरचा माणूस गेला होता, तिच्या भंगारातला होता तसाच होता. तिनं ती खोली पुन्हा उघडली आणि त्या उभ्या माणसावरून नजर मुद्दाम काढून बाकीची खोली निरखली. पियानो. कुंड्या. दार. दाराबाहेर, विलायती गालिच्यावर, कोणीतरी बसलं होतं.

उकिडवं. कोपरं गुडघ्यांवर.

चेहरा यालाही नव्हता, पण चेहऱ्याची गरज कोणाला होती? राणीच्या राज्यातल्या त्या वाड्यात असा बसणारा माणूस एकच. आम्रपालीनं तोंडावर हात दाबून धरला, कारण तिला रडू फुटत होतं. एकाच वेळी एक पडदीमागे आणि एक दाराबाहेर. तिचा भाऊ चोर नव्हता.

डोळे पुसून तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी तो अभयनंच घेतला.

"अभ्या, त्या कोपऱ्यातल्या फळीवर ब्रोच कसा ठेवलेला होता? उघडा?"

"आधी उघडाच होता," तो म्हणाला. "त्या सकाळी पेल बाईंनी त्याच्यावर काच आणून ठेवली. ती घुमटासारखी असते ना, तशी. आमच्या ये-जा करण्यानं धूळ उडेल म्हणून. मी यंत्र लावत होतो तेव्हाच ठेवली."

"हे तू कोणाला बोललास?"

"मला विचारलंय कोणी? सगळ्यांनी सांगितलंच."

तिनं फोन ठेवला. घुमट. साधी काच. यंत्राला न दिसणारी. हवा पकडून उभ्या असलेल्या त्या हातात काय होतं ते आता तिला दिसलं, आणि त्यासरशी काल ऐकलेलं एक वाक्य कानात जसंच्या तसं वाजलं.

"काय बघतेस बाळ?" तिच्या खुर्चीमागून आवाज आला.

६

बाम चोळलेल्या कपाळाचा वास तिच्या अगदी जवळ आला होता. भीतीनं माणूस एकतर गप्प होतो नाहीतर मोठ्यानं बोलतो. आम्रपाली मोठ्यानं बोलली.

"सुदर्शन, ऋतिका, जरा इकडे या. मला काहीतरी दाखवायचंय."

दोघं आले. सर हसले, पण तिथून हलले नाहीत.

"हा दिवाणखाना आहे, आरशातून दिसलेला," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो कापू दिला. "दाराबाहेर बसलाय तो अभय. म्हणजे पडदीमागचा दुसरा. तो आत आला कुठून? दारातून नाही, दारात अभय आहे. सुदर्शन परांचीवर होता. त्याला वर यायचं तर मोठा जिना चढून अभयला ओलांडूनच यावं लागलं असतं."

"मग काय भिंतीतून आला?" ऋतिकानं विचारलं.

"हो. त्या लोकांना नोकर हवे असत, पण दिसायला नको असत. म्हणून पडदीमागे भिंतीच्याच कागदानं मढवलेलं एक लहान दार आहे. लांबून कळतसुद्धा नाही. तिथून मागचा अरुंद जिना उतरतो तो थेट स्वयंपाकघरात. मी काढलाय तो जिना. आणि स्वयंपाकघरात कोण बसलं होतं, ते काल सरांनीच सांगितलं."

"बाळ, माझा गुडघा," सर म्हणाले.

"तुमचा गुडघा मी पाहिलाय," सुदर्शन म्हणाला. "लंडनच्या विमानतळावर गेट बंद होताना आमच्या पुढे पळत होता. ते आठवलं म्हणूनच मी काल हिला विचारलं, काही उरलंय का. नुसत्या गुडघ्यावर मालकाला चोर म्हणता येत नाही."

"हा माणूस कोणीही असू शकतो," सर म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "चेहरा कुठाय?"

"चेहरा नाही," आम्रपाली म्हणाली. "हात आहे. वर उचललेला, रिकामा. आम्हा तिघांनाही तो रिकामाच वाटला असता, कारण आमच्या मॉडेलमध्ये त्या फळीवर काच नाही. मेलमध्ये काच नाही. यंत्राला काच दिसत नाही. ती तिथं आली त्याच सकाळी, आणि ते पाहिलं पेल बाईंनी आणि अभयनं. अभयला कोणी काही विचारलंच नाही. आणि काल तुम्ही मला म्हणालात, काच उचलायची, वस्तू खिशात टाकायची, काच परत जागेवर. जो मजला तुम्ही फक्त मॉडेलमध्ये पाहिलात, त्यातली काच तुम्हाला कशी दिसली सर?"

ऋतिका सरांच्या तोंडाकडे बघत होती, आणि एकदम म्हणाली, "सर, हे बामाचं लाल नाहीये. डोळ्यांभोवती चौकोन उमटलाय. व्हीआर चष्म्याचा."

सरांचा हात चेहऱ्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"पेल बाईंना आत्ता फोन लावू या," सुदर्शन म्हणाला. "चहा घेता घेता तुम्ही हात धुवायला म्हणून किती वेळ गेला होतात, एवढंच विचारायचंय. म्हाताऱ्या बायका असलं विसरत नाहीत."

दत्तप्रसाद सर ऋतिकाच्या खुर्चीत बसले. हातातलं चष्म्याचं घर त्यांनी उघडलं आणि टेबलावर उपडं केलं. सोन्याच्या कोंदणात, काळ्या मण्यांच्या महिरपीत बसवलेली सोनेरी केसांची एवढीशी वेणी बाहेर पडली. ती इतकी ताजी दिसत होती की ऋतिका दोन पावलं मागे सरली.

"जन्मभर दुसऱ्यांची घरं काढली," ते म्हणाले. "ठिपक्यांची. बोट लावलं तर आरपार जातं. एकदा वाटलं, एखादी खरी वस्तू हातात असावी. यंत्र फिरत असताना खोलीत कोणी जात नाही, हे मला ठाऊक होतं. पडदीमागे किरण येत नाही, हेही. आरसा विसरलो."

"आणि अभय?" आम्रपालीनं विचारलं.

"तो तरुण आहे. सावरला असता."

हे ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. काल याच माणसाच्या पाया पडायला निघालो होतो, हे आठवून आम्रपालीला शिसारी आली. चेहरा नसलेल्या त्या करड्या माणसाची जेवढी वाटली नव्हती, तेवढी भीती तिला या चेहऱ्याची वाटली.

सुदर्शननं वेणी स्वच्छ कागदात गुंडाळली आणि तिकडच्या लोकांना मेल लिहायला बसला. सोबत आरशामागची खोली जोडायची म्हणाला. "तुझ्या भंगाराला आज भाव आला," एवढं बोलून त्यानं तिच्यापुढे आपला चहा सरकवला. कसब्याच्या हिशोबात हे पेढेच होते.

खडकीला ती उन्हं कलताना पोचली. बातमी फोनवरून आधीच आली होती. आत भीमराव कोणाला तरी मोठ्यानं सांगत होते, भंगाराचाही हिशोब लागतो म्हणून. ललिताबाईंनी मटार उसळीला टाकले होते, वास बाहेरपर्यंत येत होता. अभय पायरीवर, होता तसाच बसलेला.

"तू मला ओळखलंस म्हणे," तो म्हणाला. "नुसत्या ठिपक्यांत."

"बसण्यावरून."

तो जरासा हसला. मग जमिनीकडे पाहत त्यानं विचारलं, "आणि ते दिसायच्या आधी? तुला वाटलं होतं का गं, मी घेतला असेल?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यालाही ते ऐकायला आवडलं असतं.

"वाटलं होतं," ती म्हणाली. "घाबरले होते मी. म्हणून वाटलं."

अभयनं नजर रस्त्याकडे वळवली. आम्रपालीनं पर्स खाली ठेवली आणि पायरीला लागून जमिनीवरच त्याच्याशेजारी तशीच उकिडवी बसली, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. तिला ती सवय राहिली नव्हती. थोड्याच वेळात पायांना मुंग्या आल्या, पण ती उठली नाही. मग कधीतरी अभय थोडा सरकला आणि पायरीवर तिच्यासाठी जागा झाली.